गोवा ट्रान्समधली सुरावट: १९९७ नंतर कुठे शोधावी आणि घरच्यांना कशी ऐकवावी?

केळीबाग, रावेर

नमस्कार. मी केळीची शेती करतो आणि सुरेल गोवा ट्रान्सचा, म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यांवर रुजलेल्या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा, निस्सीम चाहता आहे. माझा जीव जडला आहे तो मुख्यतः १९९४ ते १९९७ या काळातल्या संगीतावर: हॅल्युसिनोजेनचे ‘ट्विस्टेड’, मॅन विथ नो नेमचे ‘मोमेंट ऑफ ट्रुथ’, अ‍ॅस्ट्रल प्रोजेक्शनचे ‘डान्सिंग गॅलेक्सी’ आणि प्लीएडियन्सचे ‘आय.एफ.ओ.’. शेतीपंपाची वीज रात्रीची असते त्या आठवड्यात मोटार चालू करून ठिबकच्या नळ्या तपासत फिरावे लागते. त्या वेळी कानात हेच संगीत असते, आणि आठ-नऊ मिनिटांच्या रचनेत एका सुरावटीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशी चढत जाऊन शेवटी त्या सगळ्या एकाच वेळी स्वतंत्रपणे ऐकू येऊ लागतात, तेव्हा जे समाधान मिळते ते मला दुसऱ्या कोणत्याही संगीतात मिळालेले नाही.

माझ्या दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की आज ‘सायट्रान्स’ (गोवा ट्रान्समधूनच पुढे निघालेला प्रकार) या नावाखाली जे समोर येते त्यात बास आणि चमत्कृतिपूर्ण आवाज भरपूर असतात, परंतु गुणगुणता येईल अशी सुरावट जवळजवळ नसते. ती परंपरा १९९७ नंतर संपली का? की मीच चुकीच्या ठिकाणी शोधतो आहे? भुसावळहून गोवा एक्सप्रेस जाते, तिने सरळ हणजुण्याला जाऊन ऐकावे, असेही अनेकदा मनात येते.

दुसरी अडचण घरची आहे. माझे मामा भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि त्यांचा कान अतिशय तयार आहे. मात्र डीजे म्हटले की आपल्याकडे वरातीपुढच्या स्पीकरच्या भिंती डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे मी जे ऐकतो ते त्याच जातीचे असणार असे त्यांनी गृहीत धरले आहे. त्यांना हे संगीत कोणत्या वाटेने ऐकवावे?

धुळे ३०३

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: परंपरा संपलेली नाही, तिचा पत्ता बदलला आहे.

गोव्यात जे घडले ते थोडे लक्षात घेतले तर १९९७ नंतर काय झाले हे समजायला सोपे जाते. हणजुणे आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर परदेशी प्रवाशांच्या रात्रभराच्या मैफली सत्तरच्या दशकापासून होत होत्या. ऐंशीच्या दशकात तिथे रॉकच्या जागी इलेक्ट्रॉनिक संगीत आले आणि काही डीजे युरोपातल्या रेकॉर्डमधले गाण्याचे शब्द कापून केवळ वाद्यांचे भाग कॅसेटवर जोडून वाजवू लागले. पुढे डॅट या डिजिटल फितीचा काळ आला. उन्हाने व्हिनाइलच्या तबकड्या वाकत आणि त्यांचे ओझेही फार होत असे, त्या मानाने डॅटची फीत खिशात मावत असे. परंतु डॅटच्या यंत्रावर वेग कमी-जास्त करून दोन रचना ठेक्यावर जुळवणे शक्य नव्हते, म्हणून एक रचना मावळत असताना दुसरी हळूहळू उगवावी, अशीच सोय करावी लागली. जुन्या गोवा ट्रान्समध्ये आरंभी आणि अखेरीस ठेक्याविना तरंगणारे लांब भाग असतात, त्यामागे हेही एक कारण आहे. मला स्वतःला ते आरंभ अतिशय प्रिय आहेत आणि ते ओलांडून पुढे जाणाऱ्या श्रोत्याचे मोठे नुकसान होते, असे माझे ठाम मत आहे.

१९९३-९४ पासून लंडनमधल्या ड्रॅगनफ्लाय आणि टिपसारख्या कंपन्यांनी हे संगीत प्रसिद्ध करायला सुरुवात केली. डिसेंबर १९९४ मध्ये पॉल ओकेनफोल्डचा ‘गोवा मिक्स’ बीबीसी रेडिओ वनवर गेला आणि ते थेट घराघरांत पोहोचले. त्यानंतर इतक्या जणांनी इतके सारखे संगीत केले, की १९९८ च्या सुमारास बाजार साचला. अनेक कलाकारांनी सुरावट टाकून अधिक कोरडा, गडद आणि मोजका आवाज पत्करला, आणि पुढच्या दशकात इस्राएलमधून आलेल्या ‘फुल ऑन’ प्रकाराने बासला केंद्रस्थानी आणले. तुम्हाला आज जे समोर दिसते ते मुख्यतः या दोन वळणांचे अपत्य आहे.

मात्र २००४ मध्ये बेल्जियममध्ये सनट्रिप रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी निघाली आणि तिने जाणीवपूर्वक जुनी सुरेल शैली पुढे नेली. त्याच वर्षी आलेला स्वीडनच्या फिल्टेरियाचा ‘स्काय इनपुट’ आणि २००५ मधला फ्रान्सच्या खेटझालचा ‘कोरोल’ हे दोन संग्रह तुम्ही आधी मिळवावेत. फिल्टेरियाकडे सुरांची दाटी विलक्षण आहे, इतकी की पहिल्यांदा ऐकताना दमायला होते. खेटझाल त्या मानाने मोकळा श्वास घेऊ देतो, आणि माझ्या मते गेल्या वीस वर्षांतले सर्वांत हळवे गोवा ट्रान्स त्याच संग्रहात आहे. त्यांच्यानंतर रोमानियाच्या ई-मंत्राकडे वळा.

गोवा एक्सप्रेसने जरूर जा, पण समुद्र पाहायला जा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यावर निर्बंध आहेत आणि तिथे आज प्रामुख्याने वाजते ते नवे, वेगवान सायट्रान्स असते. तुम्हाला हवी असलेली सुरावट ऐकण्यासाठी गोव्यात असण्याची गरज उरलेली नाही.

पेटीवाला, चोपडा

मी स्वतः पेटी शिकवतो आणि माझ्या एका विद्यार्थ्यामुळे या संगीताकडे वळलो, म्हणून मामांविषयी लिहितो.

गोवा ट्रान्समध्ये ज्याला फ्रिजियन म्हणतात ते स्वरसप्तक म्हणजे आपल्या भैरवी थाटाचेच स्वर: रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद कोमल. त्याचेच दुसरे रूप, ज्यात गंधार शुद्ध असतो, ते बसंत मुखारीच्या स्वरांशी जुळते, आणि पाश्चात्त्य श्रोत्याला जे ‘पूर्वेकडचे’ वाटते ते बव्हंशी याच कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार यांमधल्या मोठ्या अंतरामुळे. भजनाची सांगता भैरवीने करणाऱ्या माणसाला हे स्वर परके वाटण्याचे कारण नाही.

तरीही, “मामा, हा राग आहे” असे मात्र त्यांना सांगू नका. हे स्वर भैरवीचे असले तरी चलन भैरवीचे नाही, स्वर लावण्याची पद्धत नाही, आंदोलन नाही, आणि तयार कानाच्या माणसाला हे पहिल्या मिनिटातच कळेल. मग ते उरलेली सात मिनिटे चुका मोजत बसतील. त्यापेक्षा त्यांना लयीच्या बाजूने आत न्या. वेग मिनिटाला सुमारे १४५ ठोके असतो आणि प्रत्येक ठोक्यात चार स्वर पेरलेले असतात, म्हणजे चार ठोक्यांच्या एका आवर्तनात सोळा जागा झाल्या. सोळा जागांची ही चौकट तीनताल हातात असलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आठ मिनिटांच्या रचनेत अशी जवळजवळ २९० आवर्तने होतात आणि बदल बहुधा आठ किंवा सोळा आवर्तनांनंतर येतो. मामांना फक्त इतकेच सांगा, की बदल कुठे येतो ते हाताने दाखवा. एकदा माणूस मोजू लागला की तो ऐकू लागतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार

पेटीवाल्या सरांच्या मताशी मी सहमत आहे, पण एका बाबतीत थोडा मतभेद नोंदवतो. स्वर लावण्याची पद्धत या संगीतात नाही असे नाही, ती स्वरात नसून आवाजाच्या पोतात आहे. मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, म्हणून यंत्राच्या बाजूने सांगतो.

रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र १९८१ मध्ये बाजारात आले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी हा त्याचा हेतू होता. त्या कामी ते फसले आणि काही वर्षांतच बंद झाले. पण त्यात फिल्टरची, म्हणजे आवाज दबका किंवा उजळ करण्याची, एक कळ होती आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. सोळा स्वरांचा तोच तो पट्टा अखंड फिरत ठेवायचा आणि फिल्टर हळूहळू उघडत न्यायचा, की सुरुवातीला भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटणारा तो पट्टा तीन-चार मिनिटांत लखलखीत होऊन समोर येतो. त्यात एकही स्वर बदललेला नसतो, आणि तरी ऐकणाऱ्याला सुरावट वाढत गेल्यासारखी वाटते. घसरणारे स्वर तर मींडेच्या पुष्कळ जवळ जातात. गोवा ट्रान्सचे कलाकार असे तीन-चार पट्टे एकमेकांत विणतात, एक उघडत असताना दुसरा मिटवतात, आणि कोणता पट्टा केव्हा पुढे आणायचा यातच त्यांचे कसब दिसते.

म्हणून मामांना मोबाइलच्या स्पीकरवर हे मुळीच ऐकवू नका. त्यावर किकचा, म्हणजे प्रत्येक ठोक्यावरच्या ढोलासारख्या प्रहाराचा, खालचा आवाज हरवतो आणि मधले पट्टे एकमेकांत मिसळून गोंगाट होतो, मग त्यांचे गृहीतक खरे ठरल्यासारखेच होईल. कान झाकणारे बरे हेडफोन द्या आणि आवाज मध्यम ठेवा. आमच्याकडे काठी गावच्या होळीत ढोलाच्या ठेक्यावर लोक रात्रभर नाचतात आणि तिथे त्या नादाला अंगावर घेण्यातच आनंद असतो, पण तुमच्या मामांची वाट कानाची आहे, अंगाची नाही.

केळीबाग, रावेर

तिघांचेही मनापासून आभार. तुमच्या सूचनांप्रमाणे काल संध्याकाळी मामांना हेडफोन देऊन ‘कोरोल’मधली एक रचना ऐकवली. ठेक्याविना असलेल्या आरंभात ते स्वस्थ बसून होते. किक सुरू झाली तेव्हा कपाळाला आठ्या पडल्या, परंतु मी बदल हाताने दाखवायला सांगितले असल्यामुळे त्यांनी बोटांवर आवर्तने धरली, आणि तिसऱ्या बदलापासून त्यांचा हात माझ्या आधी वर जाऊ लागला. रचना संपल्यावर त्यांनी पेटी पुढे ओढली, खालचा मुख्य पट्टा हळू लयीत काढून पाहिला आणि विचारले, की वरची सुरावट सुरू असताना ही खालची सुरावट वाजवणारा माणूस थकत कसा नाही. तो माणूस नसून यंत्र आहे, हे सांगितल्यावर ते थोडे नाराज झाले. “मग त्याला दाद कशाची द्यायची?” असे त्यांचे म्हणणे आहे, आणि याचे उत्तर मला त्या क्षणी नीट देता आले नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार

दाद पट्टे विणणाऱ्याला द्यायची. यंत्र स्वर फिरवते, पण कोणता पट्टा कितव्या आवर्तनाला उघडायचा, कुठे सगळे थांबवून फक्त एकच सुरावट ठेवायची आणि किक नेमकी केव्हा परत आणायची, हे माणूस ठरवतो, आणि नव्वदच्या दशकात हे बरेचसे काम यंत्रांच्या कळा हाताने फिरवत होत असे. मामांना पुढच्या वेळी ‘डान्सिंग गॅलेक्सी’ ऐकवा आणि मधल्या थांब्यानंतर सुरावट ज्या जागी परत येते तिथे त्यांचे लक्ष वेधा. पेटीवर काढून पाहिलेला खालचा पट्टा त्यांनी तसाच सुरू ठेवावा आणि वरची सुरावट तुम्ही गुणगुणावी, म्हणजे ती विण त्यांना स्वतःच्या हाताखालीच जाणवेल.