शाळेच्या लॅबमध्ये डिस्कलेस लिनक्स: लावावं का नको?

गणितवाले_सर: मंडळी, लॅब माझ्या गळ्यात पडलीय म्हणून विषय काढतोय. २२ कॉम्प्युटर, सगळे तिसऱ्या-चौथ्या जनरेशनचे आय३, ४ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ह्या मशीनवर अधिकृतपणे चढत नाही. मग दिवाळीच्या सुट्टीत सरळ हार्डडिस्क काढल्या आणि एलटीएसपी लावलं, म्हणजे डिस्क नसलेली सगळी मशीन एका सर्व्हरवरून लिनक्स चालवतात अशी सोय. आता बटण दाबलं की नेटवर्क कार्ड पीएक्सईने (नेटवर्कवरून मशीन चालू करायची पद्धत) सर्व्हरला विचारतं, कर्नल (लिनक्सचा गाभा) खाली येतो आणि बाकी सगळं एकाच दाबलेल्या इमेजमधून (अख्ख्या सिस्टीमची कॉम्प्रेस केलेली एक फाइल) नेटवर्कवरून वाचलं जातं. पोरांनी सिस्टीममध्ये काही उलटसुलट केलं तरी ते रॅममध्येच राहतं, रीस्टार्ट केलं की साफ, त्यांच्या फाइली मात्र सर्व्हरवर जपलेल्या. पूर्वी जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर टाकायला २२ खुर्च्यांवर २२ वेळा बसायचो, आता सर्व्हरवर एकदा टाकतो, इमेज नवी करतो, झालं. लाईट गेली तरी एकाही मशीनची फाइलसिस्टीम खराब होत नाही, कारण तिथे डिस्कच नाही. जुनी लॅब असलेल्या प्रत्येक शाळेने हे करावं असं माझं ठाम मत आहे.

क्रिंपिंग_टूल: सर, मला नाही पटत. मी शाळांच्या लॅबच सांभाळतो. एका ठिकाणी प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी सर्व्हरचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) उडाला, अख्खी लॅब चार दिवस बंद, पोरं नुसती काळ्या स्क्रीनवर 'नो बूट फाइलनेम रिसीव्हड' वाचत बसली. डिस्क असती तर एक मशीन गेलं असतं, बाकीची चालली असती. दुसरं, उंदराने अपलिंकची, म्हणजे सर्व्हरला नेटवर्क स्विचशी जोडणारी, वायर कुरतडली की सगळेच बंद. आणि खरं दुखणं वेगळंच आहे, ज्या सरांनी हौसेने लावलं त्यांची बदली होते आणि नवीन सरांना पासवर्डसुद्धा माहीत नसतो.

गणितवाले_सर: बदलीचं बोललात ते लागलं, कारण खरं आहे. पण वायरचं म्हणाल तर स्विच सर्व्हरच्याच टेबलावर ठेवा, अपलिंक दोन फुटांची होते. १०० एमबीपीएसचा जुना स्विच असेल तर मात्र हात लावू नका, सकाळी सगळे एकदम चालू केले की रांग लागते, गिगाबिटच पाहिजे. आणि सर्व्हरवर २२ जणांचा लोड येतो हा समज जुन्या थिन क्लायंटच्या काळातला, तेव्हा सगळे प्रोग्राम सर्व्हरवरच चालायचे. आता प्रोग्राम प्रत्येकाच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालतो, म्हणून माझा सर्व्हर म्हणजे एसएसडी टाकलेला साधा आय५ आहे.

पालक_आणि_शिक्षिका: सर, माझा मुद्दा वेगळा आहे. मुलं पुढे एमएस-सीआयटी करणार, बँकेत नाहीतर ऑफिसात विंडोजच समोर येणार, मग शाळेत लिनक्स कशाला? आणि मराठी टायपिंगचं काय?

गणितवाले_सर: ताई, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे तोच आहे, बोटं तीच बसतात. केरळच्या सरकारी शाळांत दहावीपर्यंतचं आयटी कित्येक वर्षं फ्री सॉफ्टवेअरवर शिकवतात, प्रॅक्टिकलही त्याच्यावरच. नॉर्वेत २००१ साली सुरू झालेल्या स्कोलेलिनक्स या शाळांसाठीच्या लिनक्समध्ये डिस्कलेसची सोय तयारच मिळते.

क्रिंपिंग_टूल: केरळचं उदाहरण लिनक्सचं झालं, डिस्कलेसचं नाही, आणि तिकडे काइटसारखी सरकारी संस्था पाठीशी उभी आहे, तुमच्या पाठीशी कोण? माझं म्हणणं, लिनक्सच टाका पण प्रत्येकात छोटी एसएसडी बसवा आणि क्लोनझिलाने (डिस्कची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर) एकच इमेज सगळीकडे ओता. वर्षातून दोनदा केलं तरी पुरे. शिवाय ४ जीबीत स्वॅप (रॅम भरली की डिस्कवर वापरायची जागा) नाही म्हणजे ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की मशीन गपगार.

गणितवाले_सर: झेडरॅम (रॅममधलाच डेटा दाबून जागा करणारी सोय) चालू केलंय, त्याने बराच फरक पडला, तरी टॅबचा त्रास आहे, नाकारत नाही. पण २२ एसएसडींचे पैसे शाळेकडे नाहीत हो. पासवर्ड आणि लागणाऱ्या पाच-सहा कमांड एका वहीत लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवल्यात, नववीच्या दोन मुली वही बघून स्वतः नवीन इमेज करतात. दुसरं एक मशीन डिस्कसकट ठेवलंय, त्याच्यावर दर शनिवारी इमेज आणि मुलांचे फोल्डर कॉपी होतात.

क्रिंपिंग_टूल: त्या दुसऱ्या मशीनवर लॅब कधी चालवून बघितलीत का? मुख्य सर्व्हरची वायर काढा, बघा आणि खरं काय होतं ते इथे लिहा.

गणितवाले_सर: आज शुक्रवारी केलं. वायर काढली, दुसरं मशीन लावलं, २२ च्या २२ उठले, पण नववीतल्या एका मुलीने लॉगिन केलं आणि म्हणाली, सर माझी सोमवारची स्प्रेडशीट नाहीये. बरोबरच, कॉपी गेल्या शनिवारची होती. मुख्य सर्व्हर परत जोडला तेव्हा तिची फाइल मिळाली, पण तेवढा वेळ तिचा चेहरा बघवत नव्हता. आता फोल्डरची कॉपी रोज लॅब सुटली की होईल असं लावलंय आणि वहीत तेही लिहिलंय.

क्रिंपिंग_टूल: हे केलंत ते फार बरं झालं. तुमच्या लॅबबद्दल माझी तक्रार नाही. पण जिथे असा माणूस नाही तिथे मी अजूनही एसएसडीच सांगणार.