तरंगलांबीपेक्षा अरुंद फटीतून प्रकाश जातो कसा?

प्रश्न (एम.एस्सी. विद्यार्थिनी, खानापूर): छिद्र तरंगलांबीहून बरेच लहान असेल तर त्यातून प्रकाश जवळजवळ जात नाही, असे आम्हाला बेळगावला शिकवले. मग धातूच्या पातळ थरातील सूक्ष्म फटींतून तो अपेक्षेहून अधिक जातो, असे का म्हणतात?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, निपाणी): शिकवले ते भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांच्या १९४४ सालच्या सिद्धान्ताला धरून आहे, परंतु तो अतिशय पातळ, आदर्श वाहक पडद्यातील एकाच छिद्राचा विचार करतो. थॉमस एब्सन व सहकाऱ्यांनी १९९८ साली चांदीच्या थरात १५० नॅनोमीटर व्यासाची छिद्रे ९०० नॅनोमीटर अंतराने पाडली, तेव्हा काही तरंगलांबींना छिद्रांच्या क्षेत्रफळावर पडणाऱ्या प्रकाशाहूनही अधिक प्रकाश पलीकडे गेला. यात ऊर्जा निर्माण होत नाही. छिद्रांची नियमित मांडणी भोवतालच्या धातूवर पडलेल्या प्रकाशाला पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांच्या लहरींशी, म्हणजे सरफेस प्लाझ्मॉनशी, जोडते आणि त्याचा काही भाग छिद्रांकडे वळतो.

उत्तर २ (चिकोडी): सर, छिद्र आणि फट यांत गल्लत नको. प्रकाशाचे विद्युतक्षेत्र लांब फटीला लंब असेल, तर ती कितीही अरुंद असली तरी एक तरंगरूप (मोड) आत शिरतेच, आणि थराची जाडी तरंगलांबीशी जुळल्यास अनुनादही होतो. क्षेत्र समांतर असेल, तर फट सुमारे अर्ध्या तरंगलांबीहून अरुंद होताच प्रकाश आतच क्षीण होतो.

विद्यार्थिनी: म्हणजे फटींसाठी पोलरायझर (विद्युतक्षेत्राची एकच दिशा निवडणारा फिल्टर) ९० अंश फिरवला की फरक दिसायला हवा.

उत्तर २: हो ताई, ठळक दिसेल.