शब्दचर्चा : जहाजाखालच्या 'फॉइल'ला मराठीत काय म्हणायचं?

राजारामपुरीकर :
कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहितोय. जहाजाच्या नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, पूर्ण पाण्यात बुडालेली, विमानाच्या पंखासारख्या छेदाची आडवी फॉइल बसवतात. त्यामुळं लाटांत जहाज कमी उसळतं आणि इंधनही वाचतं. या फॉइलला शब्द हवाय. नुसतं 'फॉइल' लिहिलं की डब्यातल्या चपातीचा कागद आठवतो. इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिन 'फोलियम', म्हणजे पान, म्हणून मी 'जलपर्ण' केलंय. चालेल?

रंकाळाकाठ :
जलपर्ण? आणि ते कोल्हापुरात? वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढं थेट पंचगंगेतली जलपर्णी येणार. ती जहाजाखाली गेली तर इंधन वाचायचं लांबच, पंखा अडकून जहाज जाग्याला थांबंल की गा!

मालवणचा भाचा :
कोकणात होडीला उलांडी असते. तीही होडी कलू नये म्हणूनच. तयार शब्द असताना नवा कशाला?

पंपवाला, उद्यमनगर :
उलांडी शब्द माझा आवडता, पण इथं बसत नाही. उलांडी म्हणजे बाजूला दांड्यांवर बांधलेला तरंगता ओंडका. होडी उभी असली तरी तो काम करतो, कारण त्याचं बळ तरंगण्यात आहे. फॉइलचं बळ वाहत्या पाण्यात. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, आणि पाणी थांबलं की जोर संपला.

मी 'पातं' सुचवतो. आमच्याकडं पंपाच्या इंपेलरच्या, म्हणजे पाणी फेकणाऱ्या चाकाच्या, पाकळ्यांना पातीच म्हणतात. ओतकाम साफ करताना पात्याची पुढची कड गोल राखायची आणि मागची घासून पातळ करत न्यायची, हे नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मागची कड जाड राहिली की तिथं पाणी घुसळतं आणि पंप वीज खातो. जहाजाखालच्या फॉइलचा छेदही तसाच असतो. पुढं बोथट, मागं निमुळता.

शिवाय तुमचं पान इथंही सुटत नाही. पातं आलं संस्कृत 'पत्र'वरून, आणि संस्कृतात पत्र म्हणजे पानही आणि पक्ष्याचा पंखही. म्हणून तर पक्ष्याला 'पत्री' म्हणतात.

शब्दवेडी :
मग सरळ 'पंख' का नको? 'पाण्याखालचे पंख' शाळकरी मुलालाही कळेल.

पंपवाला, उद्यमनगर :
ताई, कळेल, पण चुकीचं कळेल. पंख म्हटलं की उडणं आलं. पाण्यातून वर उचलली जाणारी नौका हा वेगळा प्रकार. एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ साली इटलीतल्या माज्योरे तलावावर तशी नौका पळवली होती. टेलिफोनवाले बेल आणि त्यांचे सहकारी बाल्डविन यांच्या नौकेनं १९१९ साली कॅनडात ताशी ११४ किलोमीटरच्या आसपास वेग गाठला. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन, म्हणून एवढ्याशा पात्यावर आख्खी नौका वर येते. तिला 'पंखनौका' म्हणा, माझी हरकत नाही.

या लेखातलं जहाज मात्र पाण्यातच राहतं. नाळ लाटेवर चढते तेव्हा पात्याला पाणी समोरून पण किंचित वरून भिडतं; नाळ खाली येते तेव्हा किंचित खालून. पात्यावरचा जोर येणाऱ्या पाण्याशी काटकोनात असतो. त्यामुळं चढताना तो खाली आणि थोडा पुढं, उतरताना वर आणि थोडा पुढं. दोन्ही वेळेला पुढं! उभा भाग नाळेची आदळआपट मुरवतो, पुढचा भाग इंजिनाला हातभार लावतो. केनिची होरिए हे जपानी दर्यावर्दी २००८ साली होनोलुलूहून जपानला आले ते नाळेखालच्या अशाच दोन पात्यांच्या जोरावर. लाटा हेच त्यांचं इंजिन.

रंकाळाकाठ :
म्हंजे लाट मारतीया आणि जहाज त्यातनंच पुढं सरकतंय? नाद खुळा! मग सगळ्याच जहाजांना का लावत न्हाईत?

पंपवाला, उद्यमनगर :
समुद्र शांत असला की पातं नुसतं पाणी अडवतं. म्हणून आता जहाजाच्या पोटात ओढून घेता येणारी पाती निघालीत. आणि लाटाही जहाजाच्या लांबीला साजेशा लागतात. फार आखूड लाटांवर मोठं जहाज हलतच नाही, मग पातं तरी कशावर काम करणार?

शब्दवेडी :
पातं मान्य. पण लेखात तिन्ही हालचालींना 'हेलकावे' लिहू नका. डावी-उजवीकडं कलणं तो हेलकावा. नाळ आणि मागची बाजू आळीपाळीनं वर-खाली होते, ते 'झोकणं'. आख्खं जहाज वर-खाली होतं ती 'उसळी'. नाळेखालची पाती मुख्यतः झोकण्यावर काम करतात. कलण्यासाठी जहाजाच्या कुशीला वेगळी पाती असतात.

राजारामपुरीकर :
'जलपर्ण' खोडलं. एकवचन पातं, अनेकवचन पाती. आता शेवटचं : पात्यावरच्या जोराला 'उचल' लिहू का?

मालवणचा भाचा :
कोल्हापुरात उचल म्हणजे उसाची पहिली उचल. अंक कारखान्यावर गेला तर दर विचारतील.

पंपवाला, उद्यमनगर :
चेष्टा राहू दे, पण अडचण खरी आहे. नाळ चढताना हा जोर खाली ओढतो, आणि खाली ओढणाऱ्याला उचल म्हटलं की वाचणारा गोंधळणार. विमानाबद्दल लिहिताना उचल ठीक. इथं 'पात्याचा आडवा जोर'ही नको, कारण तो आडवा नाहीच. 'पात्याचा जोर' एवढंच लिहा आणि शेजारी बाणांची आकृती द्या. चढतानाची एक, उतरतानाची एक.