जपानमध्ये टूर कंपनी काढावी का? फर्दापूरहून विचारणा

प्रेषक: फर्दापूर, ता. सोयगाव
प्रति: मंडळाची मेलिंग लिस्ट

सर्वांना नमस्कार.

मी अजिंठ्याला गाईड आहे, अकरा वर्षं झाली. जपानी संभाजीनगरात शिकलो आणि पक्की झाली ती पाहुण्यांशी बोलून. तुमच्यापैकी कित्येकांच्या आईवडिलांना मी टी पॉइंटवरून (लेण्यांची बस सुटते तिथून) लेण्यांत नेलंय, म्हणून तर तुम्ही मला या लिस्टवर घेतलंत.

दोन वर्षांपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर जपानी आजी-आजोबा हात जोडून उभे राहतात, आणि त्यातलं कुणी ना कुणी होर्यूजीचं नाव काढतंच. नाराजवळच्या त्या देवळातल्या भिंतींवरचे बोधिसत्त्व आणि आपला पद्मपाणी एकाच घराण्यातले वाटतात. मागच्या नोव्हेंबरात मी स्वतः जाऊन आलो. मूळ चित्रं २६ जानेवारी १९४९ च्या आगीत करपली, आता कोंदोत, म्हणजे मुख्य देवळात, दिसतात त्या नंतर काढलेल्या प्रतिकृती. तरी माझे डोळे भरून आले. दिवसभरात तिथं एकही मराठी माणूस दिसला नाही. आपली मंडळी टोकियो, फुजी, क्योतो, ओसाका उरकून परत फिरतात.

तेव्हा ठरवलंय की ओसाकात कंपनी काढायची आणि लातूर, परभणी, नांदेडकडच्या लोकांना नीट समजावून जपान दाखवायचं. साठवलेले नऊ लाख आहेत. घरचे म्हणतात, लागलं तर दीड एकर काढू. टोकियोजवळ सैतामात माझा एक मित्र आहे, त्याची सात सीटची गाडी आहे, सुट्टीच्या दिवशी तो चालवेल. मार्ग बरोबर आहे का, एवढं सांगा.

प्रेषक: अंबाजोगाई

दादा, आधी एक काम करा. शेत विकायचं बोलणं घरात आजच थांबवा.

मी चौदा वर्षं टोकियोत एका लँड ऑपरेटरकडे, म्हणजे टूर कंपन्यांना तिथल्या हॉटेल-बसची जुळणी करून देणाऱ्या कंपनीत, काम केलं. आई एकटी पडली म्हणून परत आले. तुमचं पत्र दोनदा वाचलं. होर्यूजीबद्दल जे लिहिलंत ते कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात मी वाचलेलं नाही, ते तुमचं भांडवल. बाकीचा आराखडा मात्र तुम्हाला अडचणीत आणणारा आहे.

गाडीपासून सुरू करते. जपानमध्ये घरच्या गाडीला पांढरी नंबरप्लेट असते आणि भाड्यानं माणसं नेणाऱ्या गाडीला हिरवी. पांढऱ्या प्लेटच्या गाडीतून पैसे घेऊन प्रवासी नेणं हा गुन्हा आहे. ‘सुट्टीच्या दिवशी मित्राची मदत’ असं सांगून भागत नाही. त्यात तुमचा मित्र तिथं नोकरीच्या व्हिसावर असेल, तर त्याचा व्हिसाही धोक्यात येतो. आपल्याच एका ओळखीच्यानं असे तीन-चार ग्रुप फिरवले. पुढे चौकशी झाली तेव्हा त्याची बायको मला फोनवर रडत होती. मित्राला यात ओढू नका.

आता कंपनी. तिथं स्वतःचा धंदा चालवायला बिझनेस मॅनेजरचा व्हिसा लागतो. आधी ५० लाख येन भांडवल दाखवून तो मिळायचा. १६ ऑक्टोबर २०२५ पासून ती अट ३ कोटी येन झाली, म्हणजे आपले दीड-पावणेदोन कोटी रुपये. शिवाय एक पूर्णवेळ कर्मचारी ठेवावा लागतो. दीड एकरात हे बसत नाही, आणि बसत असतं तरी मी नकोच म्हटलं असतं.

व्हिसा मिळाला म्हणजे टूर विकता येते असंही नाही, तिसऱ्या वर्गाच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या नोंदणीला ३० लाख येनचं डिपॉझिट असतं, ट्रॅव्हल एजन्सींच्या संघटनेचं सभासद झालं तर ६ लाखांवर भागतं. लँड ऑपरेटरला डिपॉझिट नाही, पण जानेवारी २०१८ पासून त्यालाही नोंदणी सक्तीची आहे आणि ऑफिसात परीक्षा किंवा प्रशिक्षण झालेला जबाबदार माणूस लागतो.

हा नोंदणीचा नियम आला तेव्हा मी ऑफिसातच होते. त्यामागे मुख्यतः १५ जानेवारी २०१६ चा कारुइझावाचा अपघात होता. रात्रीची स्की बस दरीकडेला कोसळली, १५ जण गेले, त्यात १३ कॉलेजची मुलं. बस ठरलेल्या किमान भाड्याहून स्वस्तात घेतली होती, असं चौकशीत बाहेर आलं. तोवर मधल्या लँड ऑपरेटरला विचारणारा कायदाच नव्हता. त्या आठवड्यात आमच्या साहेबांनी प्रत्येक बसचं जुनं कोटेशन काढून टेबलावर मांडलं आणि आम्हाला एकेक आकडा वाचायला लावला. तेव्हापासून कुणी मला ‘बस जरा कमीत बसवा’ म्हटलं की माझा हातच थांबतो.

गाईडपणाचं तुमच्यासाठी सोपं झालंय. २०१८ पासून परवान्याशिवायही पैसे घेऊन गाईडचं काम करता येतं, फक्त सरकारी परवानाधारक अशी पदवी लावायची नाही. पण परदेशी माणसाला तसा व्हिसा हवाच. टूरिस्ट व्हिसावर तिथं कमाई करता येत नाही.

मग करायचं काय? तुम्ही इथंच राहा. फर्म संभाजीनगरात काढा, टूर इथं विका, जीएसटी आणि टीसीएसचं (परदेश टूर विकताना गिऱ्हाइकाकडून घ्यायचा कर) एखाद्या सीएकडून नीट लावून घ्या. जपानातलं सगळं नोंदणीकृत लँड ऑपरेटरकडून बी टू बी, म्हणजे धंद्याच्या दरानं, घ्या आणि ग्रुपबरोबर टूर मॅनेजर म्हणून स्वतः जा. नऊ लाखांत हे उभं राहतं. पहिला ग्रुप बारा जणांचाच करा, मार्जिन फार दिसणार नाही, पण प्रत्येकाचं नाव आणि गोळ्यांची वेळ तुम्हाला पाठ असेल.

लँड ऑपरेटरला नोंदणी क्रमांक विचारा, बसवाल्याचा परवाना मागा. रद्द केल्यास किती दिवस आधी किती कापणार, हे लेखी घ्या. आणि रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, ते माणसाच्या नावानिशी विचारा. हाकोनेला नांदेडचे एक गुरुजी रात्री छातीत दुखतंय म्हणून उठले. दवाखान्यानं विम्याचे कागद मागितले. इथल्या एजंटानं विम्याचे पैसे घेतले होते, विमा काढलाच नव्हता, आणि फोन बंद. मी पहाटेपर्यंत कॉरिडॉरमध्ये बसून होते, गुरुजींच्या बाई शेजारी जपमाळ ओढत होत्या. गुरुजी बरे झाले. बिल मात्र त्यांच्या मुलानं वर्षभर फेडलं. दादा, विम्याची पॉलिसी प्रत्येकाच्या हातात निघण्याआधी द्या.

जेवणाचंही आत्ताच लिहून टाकते. भाजीचं सूप, उदोन नूडल्स, अगदी साधी दिसणारी डाळीसारखी वाटी, सगळ्यात दाशी म्हणजे रश्शाचं मूळ पाणी असतं, आणि ते बहुधा माशाचं. ‘व्हेज’ म्हटल्यानं ते जात नाही. शाकाहारी मंडळींना कोयासानला, देवळांच्या डोंगरावर, एक रात्र ठेवा, देवळातल्या शोजिन म्हणजे भिक्षूंच्या शाकाहारी जेवणात मासा नसतो, कांदा-लसूणही नसतो. बाकी दिवस धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या.

आणि टोकियोत पहिल्या दिवशी असाकुसाला नेणारच असाल, तर तिथून जवळ मात्सुचियामाच्या देवळात न्या. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपती. मूर्ती पाहायला मिळत नाही, लोक मुळा वाहतात. आमच्या आईला मी तिथं नेलं होतं, तिनं पर्समधून सुपारी काढून पायरीवर ठेवली.

प्रेषक: जालना

ताईंचं सगळं पटलं. मी बियाण्याचा धंदा करतो, डीलर लोकांच्या परदेश टूर दरवर्षी लावायलोय, म्हणून दोन शब्द.

भाऊ, तारखा सांभाळा. आपल्याकडं शाळेला सुट्ट्या लागल्या की सगळे एप्रिल-मे मागतेत. नेमकं २९ एप्रिल ते ५ मे जपानमध्ये गोल्डन वीक असतो, त्यांचीच माणसं फिरायला निघतेत. हॉटेलचे भाव लई चढतेत आणि रेल्वेत जागा मिळत नाही. एकदा आम्ही त्या आठवड्यात चाळीस माणसं नेली, तोटा मी खिशातून भरला. मे मध्ये न्यायचं तर ७ तारखेनंतर. तेव्हा तातेयामा डोंगरातला बर्फाचा रस्ता उघडा असतो, दोन्ही बाजूंनी बर्फाच्या भिंती. आपल्या उन्हातून गेलेल्या माणसाला तेवढं दाखवलं तरी तो वर्षभर बोलतो.

चेरीचं फूल पाहिजे असेल तर टोकियोत मार्चअखेर, एप्रिलच्या सुरुवातीला. तेव्हा मुलांच्या परीक्षा असतेत, त्यामुळं तो ग्रुप रिटायर लोकांचा. क्योतोचा लाल पाला नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात.

पर्यटकांच्या जपान रेल्वे पासचा जुना हिशोब धरू नका. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० झाला. एकाच रस्त्यानं जायचं असेल तर सुटी तिकिटं स्वस्त पडतेत. मोठ्या बॅगा कुरियरनं पुढच्या हॉटेलला पाठवा. म्हाताऱ्या माणसांना शिनकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) बॅग उचलायला लावू नका.

माझ्याकडचे सहा डीलर जोडपे तुमच्या पहिल्या ग्रुपला विचारून बघतो. शब्द नाही देत, पण विचारतो.

प्रेषक: फर्दापूर

ताई, दादा, उत्तर द्यायला चार दिवस लागले. रात्री घरच्यांना बसवून ताईंचं पत्र वाचून दाखवलं. बाप म्हणाला, ‘त्या बाईला माझा नमस्कार कळव.’ शेत राहिलं. मित्रालाही फोन केला, गाडीचं सांगितलं. तो दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला बरं झालं.

नवीन आराखडा असा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, बारा जण, नऊ रात्री. निघण्याआधी सगळ्यांना एक दिवस अजिंठ्याला बोलावणार. सोमवार सोडून, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर बसवून सगळं सांगेन, मग आठवड्यानं होर्यूजीत त्याच माणसांना उभं करीन. होर्यूजीसाठी पूर्ण दिवस ठेवलाय. इतर कंपन्या नारात हरणं दाखवून तीन तासांत निघतात, मी नाही निघणार.

ओसाकाच्या एका लँड ऑपरेटरकडून कोटेशन आलंय. नोंदणी क्रमांक त्यांनी विचारायच्या आधीच पाठवला. बसचा आकडा मात्र दुसऱ्या दोघांपेक्षा बराच कमी आहे. ताई, हा कागद तुम्ही बघाल का? मेलवर पाठवू, की घेऊन येऊ?

प्रेषक: अंबाजोगाई

घेऊन या. रविवारी घरीच आहे. बसवाल्याचं नाव आणि ड्रायव्हर किती आहेत ते त्यांच्याकडून आधी मागवून ठेवा. आकडा कमी का, ते आपण दोघं मिळून त्यांना फोनवरच विचारू. येताना आईसाठी अजिंठ्याचा एखादा फोटो आणा, पद्मपाणीचा. तिला आता एवढा प्रवास होत नाही.