मुदत सरली, कागद कुठे?

तपास अर्धवट असताना सरकार त्याच्या फायली लोकांना कशा देणार, असं एका दादांनी विचारलंय. प्रश्न रास्त आहे, पण जेफ्री एपस्टीन या अमेरिकी धनाढ्याने केलेल्या अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात तो लागू पडत नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने त्या फायली खुल्या करायला ३० दिवसांची मुदत घातली होती. पीडितांची नावं झाका, चालू तपासाला बाधेल ते राखा, पण कुणाची अब्रू जाईल किंवा राजकीय अडचण होईल म्हणून काही दडवू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तरी १९ डिसेंबरला आलं ते अर्धवट, आणि कित्येक पानं वरपासून खालपर्यंत काळी.

आपल्या मुंबईला हे नवीन नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर नेमलेल्या व्होरा समितीने त्याच ऑक्टोबरात अहवाल दिला, तो संसदेत यायला ऑगस्ट १९९५ उजाडला. आला तोही मोजक्या पानांचा. गुन्हेगार आणि राजकारण्यांचं साटंलोटं ज्या माहितीवर मांडलं होतं, ती बाहेर आलीच नाही. लोकांनी संशय घ्यायचा नाही तर काय करायचं?

आमच्या शेजारच्या काकूंनी मुलाच्या अपघाताचे कागद माहिती अधिकारात मागितले. उत्तर एका ओळीचं: 'तपास सुरू, कलम ८(१)(एच)'. खाली शिक्का. तपासात अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते, असं हे कलम सांगतं. पण कागद दिल्याने तपासात नेमका काय अडथळा येईल, यावर चकार शब्द नाही. वास्तविक नुसता तपास सुरू असणं हे नकाराचं कारण होऊ शकत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटलंय. काकूंच्या पहिल्या अपिलात तोच निकाल जोडतोय. अपिलाची मुदत ३० दिवसांची असते, कुणाला असंच उत्तर आलं असेल तर ती चुकवू नका.