प्राणी चोरणारा कोण असावा: दुबईचा शेठ की शेजारचा पोरगा?

शेवंता:
आमच्या वाचनकट्ट्यावरच्या एका मित्राने थरारक कादंबरी लिहिलीय. अजून बाडच आहे, छापायची आहे. गोष्ट थोडक्यात अशी. साल २०११. महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयातून पावसाळी रात्री सहा मार्मोसेट गायब होतात. (ब्राझीलकडचं चिमुकलं माकड, वजन जेमतेम तीन-साडेतीनशे ग्रॅम.) पहिली शंभर पानं मी चहा गार करून वाचली. मग दुबईचा शेठ उगवतो, खासगी विमान येतं आणि शेवटी बंदरावर कंटेनरांच्या आडून गोळीबार. तिथे माझा रस संपला.

माझं म्हणणं, जिवंत प्राणी चोरणारा असा नसतो. जानेवारी २०२३ मध्ये डॅलसच्या प्राणिसंग्रहालयातून दोन एम्परर टॅमरिन माकडं गेली, ती दुसऱ्या दिवशी एका रिकाम्या घराच्या कपाटात सापडली. चोर २४ वर्षांचा. माकडं त्याने चक्क लोकल ट्रेनने नेली होती, आणि पोलिसांना म्हणाला, माझं प्राण्यांवर प्रेम आहे, सुटलो तर पुन्हा चोरीन. सॅन अँटोनियोच्या मत्स्यालयातून २०१८ साली एक छोटा शार्क गेला, तो ओल्या कपड्यात गुंडाळून बाबागाडीतून! शेठ कुठाय यात?

वाघनख:
साफ असहमत. तुम्ही सोयीची उदाहरणं निवडलीत. मार्च २०१७, पॅरिसजवळचं त्वारी प्राणिसंग्रहालय. चार वर्षांच्या व्हिन्स नावाच्या गेंड्याला रात्री गोळ्या घातल्या आणि शिंग करवतीने कापून नेलं. काही कर्मचारी आवारातच राहत होते, तरी. लांब कशाला, २००० साली हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यातल्या वाघिणीला मारून तिचं कातडं सोललं. ही काय प्राणिप्रेमी पोरं? यांच्यामागे बाजार असतो, म्हणजे शेठही असतोच. मित्राला म्हणावं, गोळीबार काढू नकोस.

शेवंता:
शिंग आणि कातडं हा माल झाला, वाघनख. तो माळ्यावर वर्षभर पडून राहिला तरी ओरडत नाही. माकडाला सकाळी सातला खायला लागतं. जिवंत चोरी म्हणजे चोराच्या गळ्यात पडलेला संसार! खरी गंमत तिथे आहे, आणि बाडात त्यावर एक परिच्छेद नाही.

हिरवा चाफा:
शेवंताशी सहमत. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतून माकी नावाचा म्हातारा, सांधे दुखणारा लेमूर (माकडाच्याच जातकुळीतला प्राणी) चोरीला गेला. पोलिसांच्या आधी तो पाच वर्षांच्या एका मुलाला दिसला, पाळणाघराच्या अंगणाजवळ. असा शेवट कुठल्या कादंबरीत लिहिला तर संपादक म्हणेल, पटत नाही.

पिंजरा नं. ७:
मी सहसा लिहीत नाही, पण राहवलं नाही. माझे वडील एका प्राणिसंग्रहालयात २६ वर्षं कीपर होते. संध्याकाळी ॲल्युमिनियमच्या घमेल्यावर पळी वाजवायचे, त्या आवाजाने पक्षी रात्रीच्या खोलीत यायचे. मग डोकी मोजून पाटीवर खडूने आकडा लिहायचा. एका संध्याकाळी १९ च्या जागी १७ भरले. त्यांनी १७च लिहिलं आणि स्वतः साहेबांना जाऊन सांगितलं. चौकीत बाकावर सगळ्यात आधी बसवलं ते त्यांनाच. दोन दिवस. जाळीला खालून भोक होतं. ते माणसाने पाडलं की मुंगसाने, हे वाकून कुणी पाहिलंच नाही.

हे बाड मीही वाचलंय, कट्ट्यावर असतो. त्यात कीपरला चार वाक्यं आहेत आणि चाळिसाव्या पानावर त्याचा मुडदा पडतो. शेठ असो की पोरगा, मला फरक पडत नाही. राग याचा आहे.

काळा कोट:
वेगळाच मुद्दा. बाडातला इन्स्पेक्टर चोराला दम देतो, "वन्यजीव कायद्याखाली सात वर्षं सडवीन." २०११ मध्ये? शक्य नाही. १९७२ च्या कायद्याच्या परिशिष्टांत तेव्हा मार्मोसेट नव्हतं, परदेशी प्राणी ना! सीमेवर पकडलं असतं तर कस्टम्सची कलमं, एरवी साधी चोरी. भा.दं.वि. ३७९, फार तर तीन वर्षं. कुलूप तोडल्याचं कलम वर जोडता येईल, पण कायद्याच्या दृष्टीने माकड आणि मोटारसायकल सारखीच. ही पोकळी २०२२ च्या दुरुस्तीने भरली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

वाघनख:
वकीलसाहेब, कायदा शिकायला थरारकथा कोण घेतं?

काळा कोट:
थांबा, थरार पुढेच आहे. जून २०२० मध्ये केंद्राने योजना काढली. घरात परदेशी प्राणी असेल तर सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर करा, कागदपत्रं विचारणार नाही. आता कल्पना करा. चोराकडे सहा माकडं आहेत, बाहेर टाळेबंदी आहे, आणि सरकारच म्हणतंय नोंद करा, कुठून आणली ते सांगू नका! चोरीचा माल एका ऑनलाइन अर्जात पांढरा. मित्राला गोष्ट २०२० मध्ये आणायला सांगा. विमान नको नि कंटेनर नको.

वाघनख:
हम्म. हे बरंय. पण मग पकडायचा कसा? अर्ज भरून चोर मोकळा.

हिरवा चाफा:
खाण्यावरून. मार्मोसेट झाडाची साल कुरतडून डिंक खातात. पिंजऱ्यात पाळतात तेव्हाही बाभळीचा डिंक देतात. म्हणजे चोराला डिंक लागणार, आणि आपल्याकडे तो वाण्याकडेच मिळणार. आता सांगा, ऐन मे महिन्यात दर आठवड्याला पावशेर डिंक कोण नेतं? लाडू थंडीतले. घरात बाळंतीणही नाही. वाण्याच्या वहीत सापडेल तो!

शेवंता:
वा! पोलिसांना हे सुचणार नाही मात्र. त्यांना डिंक म्हणजे लाडूच.

पिंजरा नं. ७:
सुचेल कोणाला? ज्याने सहा वर्षं रोज सकाळी त्यांच्यासाठी डिंक भिजवलाय त्याला. म्हणून म्हणतो, कीपरला चाळिसाव्या पानावर मारू नका.