ब्रिटिश शाळा: इयर ५ म्हणायलेत, लेकरू तर चौथीत. सीट धरू का?

मांजराकाठ
मदत हवी आहे, आणि लवकर हवी आहे. दोन शाळांतून एक ठरवायचीय, दोन्ही ब्रिटिश. पहिलीचं रेटिंग चांगलं, फी भक्कम. दुसरी स्वस्त, घराजवळ, पण नवीन आहे, सध्या वरचे वर्ग नाहीत. पहिली शाळा रविवारपर्यंतच सीट धरणार म्हणते. लेकराला इयर ५ मध्ये घ्यायलेत. इथं लातूरला ते आत्ताच चौथीत गेलंय. म्हणजे एक वर्ष वाचलं ना? तसं असेल तर पहिली शाळाच घेऊन टाकते. "आपल्या मातीत शिकवा" असले सल्ले कृपया नकोत.

तेरणा
ताई, देश कोणता तेच लिहिलं नाही. जन्मतारीख, परत कधी यायचं, पुढं काय करायचं, हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मांजराकाठ
दुबई. मेमध्ये नऊ पूर्ण झाली. मुलगी आहे. चार-पाच वर्षांनी परत लातूर, नंतर नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. पण माझा प्रश्न शाळेचा आहे.

गणित_मास्तर
वर्ष वाचलेलं नाही. ब्रिटिश पद्धतीत ३१ ऑगस्टला पाच पूर्ण झालेलं लेकरू इयर १ मध्ये बसतं. आपल्याकडं सहा पूर्ण झाल्यावर पहिली. त्यामुळं इयरच्या आकड्यातून एक वजा करायचा: इयर ५ म्हणजे चौथी, इयर ११ म्हणजे दहावी, इयर १३ म्हणजे बारावी. नऊ पूर्ण झालेली मुलगी इयर ५ मध्येच जाणार, त्यात शाळेनं काही मेहेरबानी केलेली नाही. उलट कुणी "इंग्रजी कच्चं आहे, इयर ४ मध्ये घालतो" म्हणालं तर सावध राहा. खरं वर्ष तिथं जाईल आणि परत येताना वयाचा घोळ होईल.

पुरणपोळी_८२
ब्रिटिश कामून पण? दुबईत सीबीएसईच्या शाळा भरपूर आहेत. फी कितीतरी कमी, एप्रिल ते मार्च वर्ष, एनसीईआरटीची पुस्तकं. नीट द्यायची असेल तर जीवशास्त्र एनसीईआरटीतूनच येतं. सरळ सीबीएसई घ्या आणि मोकळ्या व्हा.

मांजराकाठ
सीबीएसई विचारलंच नाही मी.

तेरणा
पुरणपोळी, अर्धंच सांगितलंत. महाराष्ट्रातल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून लागतात. अपवाद आहेत, ते मुख्यतः सरकारी नोकरांच्या मुलांसाठी. दुबईत सीबीएसईची दहावी केली तरी ती दुबईचीच. मग मुख्यतः उरतो १५ टक्के अखिल भारतीय कोटा, नाही तर खाजगी कॉलेजचा एनआरआय कोटा, ज्याची फी ऐकून माणूस खाली बसतो.

तेव्हा ताई, आधी परतीचं वर्ष पक्कं करा, शाळा त्यावरून ठरेल. आज इयर ५. चार वर्षांनी आलात तर इयर ८ म्हणजे सातवी झालेली असेल, आठवीत सहज बसेल. पाच वर्षांनी आलात तर इयर ९ म्हणजे आठवी संपलेली, नववीत प्रवेश. हा शेवटचा सोपा दरवाजा. सहा वर्षांनी आलात तर इयर १० संपलेलं असेल. आयजीसीएसई, म्हणजे ब्रिटिश शाळांतली दहावीच्या तोडीची परीक्षा, तिचा दोन वर्षांचा अभ्यास निम्म्यात तुटतो आणि इकडं थेट दहावीत सहसा कोणी घेत नाही, सीबीएसईसारख्या बोर्डाची नोंदणी नववीतच होते. "अजून एक वर्ष काढू" असं म्हणणारे इथंच अडकतात.

कंधारी
कोटा-बिटा सोडा. लेकरू लातूरलाच ठेवा आजीजवळ. लातूर पॅटर्न सोडून दुबईला कशाला? आणि ७०:३० (मेडिकलच्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या पोरांना, ३० टक्के बाहेरच्यांना) काढून मराठवाड्याचं नुकसान केलं का फायदा, ते पण कोणी सांगा.

पुरणपोळी_८२
फायदा. मराठवाड्यातली पोरं ३० टक्क्यांत मार खात होती. जागा विदर्भ-उर्वरित महाराष्ट्रात जास्त, आपल्याकडं कॉलेजं कमी. २०२० ला काढलं ते बरं झालं.

कंधारी
आणि इथल्या कॉलेजात बाहेरचे आले त्याचं काय?

गणित_मास्तर
त्याला वेगळा धागा काढा बरं. नऊ वर्षांच्या मुलीच्या शाळेचं चाललंय.

शारजाहून
मांजराकाठ, "दुबई" म्हणता पण घर नक्की कुठं? दुसरी शाळा "घराजवळ" म्हणालात म्हणून विचारायलो. फी स्वस्त आणि शाळा नवीन, म्हणजे शारजा वाटतंय.

मांजराकाठ
घर शारजात, अल नहदा. ऑफिस दुबईत. पहिली शाळा दुबईत आहे, दुसरी शारजात. दुबई काय नि शारजा काय, एकच की.

शारजाहून
एक नाही ओ. दुबईच्या शाळा केएचडीए ह्या तिथल्या सरकारी शिक्षण प्राधिकरणाच्या हाताखाली, शारजाच्या तिथल्या स्पियाच्या. फीचे नियम वेगळे, करार वेगळा, आठवडासुद्धा वेगळा. शारजात जानेवारी २०२२ पासून शाळा सोमवार ते गुरुवार, शुक्रवार-शनिवार-रविवार सुट्टी. दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस शाळा. दोघं नोकरी करत असाल तर शुक्रवारी लेकराजवळ कोण, हे आजच ठरवा.

बसचं पण बघा. शारजाहून दुबईकडं सकाळी अल इत्तिहाद रस्ता तुंबलेला असतो. शाळा साडेसात-आठला भरते, म्हणजे लांबच्या मार्गावरचं लेकरू सहाच्या आसपास दारात उभं पाहिजे. बसचा मार्ग कोणता, तुमचा थांबा पहिला का शेवटचा, हे फी भरायच्या आधी लेखी विचारा. बसची फी शिकवणीच्या फीत धरलेली नसते. गणवेश, टॅबलेट, सहली, सगळं वेगळं.

गणित_मास्तर
रेटिंगबद्दल. दोन्हीकडची तपासणी एकाच राष्ट्रीय चौकटीवर चालते, सहा पायऱ्या: आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, अ‍ॅक्सेप्टेबल, वीक, व्हेरी वीक. म्हणून दुबई-शारजाची तुलना जमते. पण वरचा एक शब्द वाचून ठरवू नका. अहवालात प्रत्येक टप्प्याची आणि विषयाची वेगळी ओळ असते: प्रायमरीत इंग्रजी, गणित, विज्ञान कसं, सेकंडरीत कसं. सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे इयर १२-१३ च्या जोरावर शाळेला मोठं नाव मिळतं आणि प्रायमरी बेताची निघते, असंही असतं. तुम्हाला प्रायमरी आणि खालची सेकंडरी एवढीच लागणार. वर्षाला किती शिक्षक बदलतात हा आकडा मिळाला तर तो आधी बघा. ब्रिटिश शाळेत दर सप्टेंबरला निम्मे चेहरे नवे असतील तर रेटिंगला काय चाटायचंय?

अहवालाची तारीख पण बघा. दुबईत २०२४-२५ मध्ये सरसकट पूर्ण तपासण्या झाल्या नाहीत, त्यामुळं फाटकावर लावलेलं रेटिंग जुनं असू शकतं.

आणि नावात "ब्रिटिश" असणं म्हणजे मान्यता नव्हे. ब्रिटिश स्कूल्स ओव्हरसीज म्हणजे बीएसओची तपासणी झालीय का विचारा. ती इंग्लंडच्या शिक्षण खात्याची योजना आहे, केएचडीएपासून वेगळी.

मांजराकाठ
हे कामाचं. पण दुसऱ्या शाळेत सध्या इयर ८ पर्यंतच वर्ग आहेत, पुढचे "उघडणार" म्हणतात. हाच तर घोळ आहे.

तेरणा
चार वर्षांत परत यायचं पक्कं असेल तर घोळ नाही. आपल्याला न लागणाऱ्या सिक्स्थ फॉर्मच्या प्रयोगशाळेचे पैसे कामून भरायचे? पाच वर्षं म्हणत असाल तर इयर ९ ची परवानगी मिळालीय का, हे शाळेकडून कागदावर घ्या. "उघडणार" हा शब्द प्रवेशाच्या काउंटरवर फार स्वस्त असतो.

खडकी_बुद्रुक
कागदपत्रांचं कोणी बोलेना. शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीत मागा. मराठी दाखल्याचं भाषांतर आणि त्याची नोटरी हा वेगळाच ताप. आपल्या दाखल्यावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं आणि पासपोर्टवर आडनाव नि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. स्पेलिंग पासपोर्टबरहुकूम करून घ्या, आईच्या नावाचंसुद्धा. मग क्रम असा: जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, राज्याचा शिक्का, दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या दूतावासाचा, आणि तिकडं गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. मधली एक पायरी चुकली तर पुढचा शिक्का मिळत नाही, परत लातूर. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच जातो.

ओमान, बहारीन, सौदीला अपोस्टिल चालतं, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानं ठरलेला एकच शिक्का. यूएई त्या करारात नाही. कोणी "अपोस्टिल करून देतो, काम झालं" म्हणालं तर पैसे देऊ नका.

दाखला लॅमिनेट करू नका. शिक्के मारता येत नाहीत.

निजामकालीन
दाखल्यावर जातीची नोंद बघून घ्या. पुढं जात वैधतेला पहिल्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा लागतोच, तो आत्ताच काढून ठेवा. पणजोबांची नोंद उर्दूत असेल तर तिचं भाषांतर कुठं होतं ते मी सांगतो.

गणित_मास्तर
उतारा काढून ठेवा हे बरोबर. बाकीचं वेगळ्या धाग्यात.

मांजराकाठ
मी शाळा विचारली होती, दाखला नाही. असो, उद्या जाते जिल्हा परिषदेत. प्रवेशाला परीक्षा घेतात म्हणे. काय विचारतात?

शारजाहून
बहुतेक ठिकाणी कॅट४. त्याचे चार भाग: शब्दांचं तर्क, आकड्यांचं तर्क, आकृत्यांचं तर्क आणि अवकाशीय. पाठांतराचा उपयोग नाही. गुण त्याच वयाच्या मुलांशी ताडून देतात, सरासरी १०० धरून. सोबत इंग्रजीचं लेखन-वाचन असतं. शब्दांच्या भागात कमी आणि आकृत्यांत चांगले गुण आले तर अर्थ सरळ आहे: डोकं आहे, भाषा नाही. चांगली शाळा तेव्हा ईएएल, म्हणजे इंग्रजी ही दुसरी भाषा असणाऱ्यांची मदत देऊ करते. आठवड्याला किती तास, वर्गातून बाहेर काढून का वर्गातच, फी वेगळी का, हे विचारा.

गणित_मास्तर
पाढ्यांची काळजी करू नका. तिकडं इयर ४ संपेपर्यंत बारा गुणिले बारा अपेक्षित असतं. आपल्या लेकरांना एवढं येतं. अडतं ते शब्दांतल्या गणितात आणि परिच्छेद लिहिण्यात. रोज दहा ओळी इंग्रजीत लिहून घ्या, स्वतःच्या मनानं. निबंध पाठ करून नको.

पुरणपोळी_८२
मराठी बुडणार तिचं, ते कोणी बोलत नाही.

तेरणा
ह्यावेळी तुमचं बरोबर. ब्रिटिश शाळेत अरबी सक्तीचं असणार, पुढं फ्रेंच किंवा स्पॅनिश, मराठी कुठून येणार? महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांत दहावीपर्यंत मराठी आहे. नववीत येणाऱ्या मुलीलाही मराठीचा पेपर द्यावा लागू शकतो. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मिळतात. दर वर्षी त्या इयत्तेचं मराठी आणि इतिहास-नागरिकशास्त्र घरी वाचून घ्या. विज्ञानाला तिकडं प्रयोग जास्त, तिथं मागं पडणार नाही.

वेळेचं पण गणित मांडा. तिकडची टर्म जूनच्या शेवटाला किंवा जुलैत संपते, आपल्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. शेवटच्या वर्षी इथल्या मुख्याध्यापकांना आधीच अर्ज देऊन ठेवा.

कंधारी
आणि परत आलेच नाहीत तर? नोकरी चांगली असली की कोण येतंय.

गणित_मास्तर
तर मग इयर ९ मध्ये विषय निवडताना भौतिक, रसायन, जीव तिन्ही स्वतंत्र घ्यायचे. आयजीसीएसई घेणाऱ्या केंब्रिज मंडळाचे कोड ०६२५, ०६२०, ०६१०. कम्बाइन्ड सायन्स ०६५३ घेतलं तर तीन विषय मिळून एकच ग्रेड मिळतो. पेपर एक्स्टेंडेड, म्हणजे वरच्या पातळीचा हवा. कोअरला, म्हणजे खालच्या पातळीला बसवलं तर कितीही चांगलं लिहा, सी च्या वर ग्रेड जात नाही. भारतात दहावीची समकक्षता धरताना किमान पाच विषयांत सी किंवा वर बघतात. निकाल ऑगस्टच्या मध्याला येतो, तोवर इथल्या अकरावीच्या चांगल्या जागा भरत आलेल्या असतात. केंब्रिजची मार्चची परीक्षा फक्त भारतातल्या शाळांना आहे, दुबईतून देता येत नाही. इंजिनिअरिंगला आईवडिलांच्या महाराष्ट्राच्या अधिवासावर राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येतं. मेडिकलला नाही.

मांजराकाठ
बरं. चार वर्षं पक्की धरतोय. मग दुसरी शाळा बरी दिसते. पण पहिलीची सीट रविवारी जाईल त्याचं काय? पैसे भरून ठेवू का दोन्हीकडं?

शारजाहून
दोन्हीकडं भरू नका. दुबईत नव्या मुलासाठी वार्षिक फीच्या दहा टक्क्यांपर्यंत अनामत घेतात. प्रवेश घेतला तर ती फीतून वळती होते, सोडलात तर गेली समजा. शारजाच्या शाळेत ही अट काय आहे ते त्यांच्या करारात वाचा, दुबईचा नियम तिथं लावू नका. आणि शनिवारी पहिल्या शाळेला मेल टाकून मुदत मागा. ऑगस्टपर्यंत लोकांच्या बदल्या होतात, सीटा सुटतात. "शेवटची सीट" दर आठवड्याला असते.

हिरवीमिरची
मधेच विचारते. खडकी_बुद्रुक, जन्मदाखला आधीच लॅमिनेट असेल तर प्लॅस्टिक सोलायचं का?

खडकी_बुद्रुक
सोलू नका, शाई निघते. जन्मदाखल्याच्या कितीही प्रती मिळतात. जिथं नोंद आहे त्या महापालिकेतून, नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नवी प्रत घ्या. इंग्रजी-मराठी दोन्ही असलेला नमुना मागा, आणि बाळाच्या नावाचा रकाना रिकामा नाही ना ते खिडकीवरच बघा.